पाणथळ कुरणे आणि आपले तृणपंचमूल

शरद ऋतू सुरू झाला की वर्धा, वणा आणि यशोदा या नद्यांच्या काठी, ओढ्यांच्या वळणांवर आणि जुन्या तलावांच्या पाळीखाली कांसाचे पांढरे तुरे डोलू लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पिकाला छळणारे तण होय. गुराख्याच्या दृष्टीने तो कोवळेपणी चारा आणि जून झाल्यावर निरुपयोगी गवत असतो. आपल्या दृष्टीने मात्र हाच 'काश' होय, तृणपंचमूलातील एक महत्त्वाचे द्रव्य. मूत्रकृच्छ्र, अश्मरी, रक्तपित्त अशा व्याधींत आपण तृणपंचमूलाचा क्वाथ किंवा त्याने सिद्ध केलेले क्षीर योजतो. परंतु ही तृणे आचार्यांनी एका गणात का घेतली, ती कोणत्या भूमीत उगवतात, त्या भूमीत त्यांच्या सोबतीने कोण नांदते आणि ती भूमी आज कोणत्या अवस्थेत आहे, याचा विचार क्वचितच होतो. द्रव्याचा गुण भूमीवर अवलंबून असतो हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या द्रव्यांच्या मूळ घराचा, म्हणजे पाणथळ कुरणांचा, परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

पाणथळ कुरण म्हणजे काय?

ज्या सपाट किंवा खोलगट भूमीत वर्षातील काही महिने पाणी साचते किंवा माती संपृक्त राहते, परंतु जी कायमची तलावाखाली जात नाही, तेथे वृक्षांपेक्षा गवताचे प्राबल्य होते. याचे कारण मुळांशी आहे. पाण्याने भरलेल्या मातीत हवा राहत नाही आणि बहुतेक वृक्षांची कोवळी मुळे गुदमरतात. नल, पाणकणीस यांसारख्या वनस्पतींच्या खोडात व मुळांत मात्र पोकळ वाहिन्या असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून थेट चिखलातील मुळांपर्यंत पोहोचते.

आपल्या विदर्भातील काळ्या रेगूर मातीत आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात ही माती फुगते व पाणी धरून ठेवते, तर उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. ओल आणि भेगा या दोन्ही गोष्टी सोसणारी झाडे थोडी. पळस, बाभूळ ही त्यांतील नेहमीची. गवत मात्र दोन्ही सोसते, कारण त्याचा जीव जमिनीखालील कंदासारख्या आडव्या खोडात सुरक्षित असतो. वरचा भाग चरला गेला, जळला किंवा वाळला तरी पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा फुटते.

दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. आपल्या भागातील पवन्या, मारवेल ही गवते त्यांपैकी द्वीपकल्पीय, तुलनेने कोरड्या प्रकारात येतात. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या पूरमैदानांतील प्रकाराला त्यांनी तीन वनस्पतींच्या नावाने ओळखले: फ्रॅगमायटिस, सॅकॅरम आणि इम्पेराटा. आयुर्वेदीय परिभाषेत बोलायचे तर नल, काश आणि दर्भ. आधुनिक वनस्पतिशास्त्राने एका ओल्या गवताळ प्रदेशाची ओळख म्हणून जी तीन नावे निवडली, ती तिन्ही सुश्रुतांच्या तृणपंचमूलात आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

एकाच भूमीचा गण

सुश्रुतसंहितेत (सू. ३८) कुश, काश, नल, दर्भ आणि कांडेक्षु असा गण आहे. चरकसंहितेत (चि. १) शर, इक्षु, दर्भ, काश आणि शालि यांची मुळे सांगितली आहेत. वाग्भटांची मांडणी चरकांना जवळची आहे. घटकांत फरक असला तरी एक सूत्र समान दिसते. कुश हा कोरड्या व क्षारयुक्त जमिनीतही तग धरतो, ही गोष्ट सोडली तर बाकी सारी तृणे नदीकाठची, पूरमैदानाची किंवा साचलेल्या पाण्याची आहेत. शालि म्हणजे भात. तोही मुळात दलदलीतील गवतच होय.

काश आणि इक्षु यांचे नाते तर रक्ताचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोइमतूर येथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा संकर रानटी कांसाशी केला आणि त्यातून 'को २०५' हा काटक वाण निर्माण झाला. आज आपण जो ऊस खातो, त्याच्या अंगात कांसाचा अंश आहे. प्राचीनांनी हे दोन्ही एका गणात घेतले, ते त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणाला साजेसेच आहे.

चरकांच्या मूत्रविरेचनीय महाकषायात (सू. ४) दर्भ, कुश, काश आणि गुंद्रा, तर स्तन्यजनन महाकषायात हीच चार तृणे वीरण, शालि, षष्टिक यांच्या सोबतीने आली आहेत. वीरण म्हणजे वाळा, तोही नाल्याकाठचा. गुंद्रा म्हणजे पाणकणीस असे अनेक जण मानतात. द्रव शरीरात निर्माण करणे आणि द्रव शरीरातून वाहते करणे, या दोन्ही कर्मांसाठी आचार्य पुन्हा पुन्हा याच भूमीकडे वळलेले दिसतात.

प्रत्यक्ष ओळख

ही सर्व तृणे दुरून सारखी दिसतात आणि मुळे सुकल्यावर तर अधिकच सारखी दिसतात. काही वर्षांपूर्वी बाजारातून मागविलेल्या 'दर्भमूळ' नावाच्या एका पुड्यात मला तीन वेगवेगळ्या प्रकारची मुळे आढळली. त्यांपैकी एकही खात्रीने दर्भाचे म्हणता येत नव्हते. म्हणून ही तृणे जागेवर, फुलोऱ्यासह ओळखता येणे आवश्यक आहे. ढोबळ लक्षणे पुढीलप्रमाणे.

दर्भ (इम्पेराटा सिलिंड्रिका): पानाची मधली शीर बरोबर मध्यभागी नसून किंचित एका बाजूला असते. तुरा पांढरा, रेशमी आणि लांबट दंडगोल असतो. जमिनीखालील खोडाचे टोक सुईसारखे टोकदार असते.

कुश (डेस्मोस्टॅचिया बायपिनाटा): ताठ, कडक पानांचे झुबके. तुरा अरुंद व उभा, रेशमी केस नसलेला. मराठीत व्यवहारात यालाही 'दर्भ' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

काश (सॅकॅरम स्पॉन्टेनियम): पुरुषभर किंवा त्याहून उंच, पानाची मधली शीर ठसठशीत पांढरी, शरदात चंदेरी तुरा.

नल (फ्रॅगमायटिस कर्का): पोकळ पेऱ्यांचे वेळूसारखे खोड आणि तपकिरी, झुकलेला मोठा तुरा. काही ग्रंथकार अरुंडो डोनॅक्स या वनस्पतीलाही नल मानतात.

उशीर अथवा वाळा (क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस): याला आडवे पसरणारे खोड नसते. सुगंधी मुळे सरळ खाली जातात. चुरगाळून वास घेतल्यास शंका उरत नाही.

यांखेरीज ओल्या कुरणाच्या कडेला लव्हाळा (मुस्ता), दूर्वा, माका (भृंगराज), जलब्राह्मी, मंडूकपर्णी, जलपिप्पली आणि काटेरी कोळसुंदा (कोकिलाक्ष, तालिमखाना) ही द्रव्ये सापडतात. एका एकराच्या ओल्या पट्ट्यात दहा-बारा नित्योपयोगी द्रव्ये एकत्र मिळावीत, असे दुसरे स्थान आपल्या परिसरात क्वचितच असेल.

कूलचर आणि प्लव

भूमीचे वर्णन करताना आपल्या संहिता केवळ वनस्पतींवर थांबत नाहीत. जांगल, आनूप आणि साधारण या देशभेदांत पाणी, वारा, वृक्ष, पशुपक्षी, तेथील माणसे आणि त्यांचे व्याधी असा संपूर्ण विचार आहे. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 'जांगल' म्हणजे आजच्या अर्थाचे घनदाट जंगल नसून कोरडा, विरळ झुडपांचा मोकळा प्रदेश होय, हे त्यांनी त्यात विस्ताराने मांडले आहे.

सुश्रुतांनी (सू. ४६) आनूप वर्गात 'कूलचर' म्हणजे पाण्याच्या काठाने चरणारे पशू सांगितले. त्यांत गज, महिष, रुरू, वराह आणि खड्गी म्हणजे गेंडा ही नावे आहेत. रुरू म्हणजे बारशिंगा असे अनेक अभ्यासक मानतात. 'प्लव' वर्गात हंस, सारस, क्रौंच आदी पक्षी आहेत. आता आसामातील काझीरंगा डोळ्यांसमोर आणावे. ब्रह्मपुत्रेच्या पुराने दरवर्षी भिजणारे हे उंच गवताचे रान १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तेथे आज हत्ती, रानरेडे, बारशिंगा, रानडुक्कर आणि एकशिंगी गेंडा एकत्र नांदतात. २०२२ च्या गणनेत तेथील गेंड्यांची संख्या २,६१३ आढळली. सुश्रुतांची कूलचरांची यादी आणि काझीरंग्याचा प्राणिसमूह यांत इतके साम्य आहे की तो वर्ग प्रत्यक्ष निरीक्षणातून आला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

वनस्पतीचे नाव आणि प्राण्याची सवय यांचा संबंधही आपल्या निघंटूंत दिसतो. भावप्रकाशात मुस्तेला 'क्रोडकसेरुक' असा पर्याय आहे. क्रोड म्हणजे डुक्कर. रानडुकरे ओल्या मातीतील लव्हाळ्याचे कंद उकरून खातात, हे नदीकाठी शेती असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कालिदासानेही शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात डबक्याकाठी मुस्ता उकरणाऱ्या वराहांचा उल्लेख केला आहे. डुकरांच्या या उकरण्याने माती भुसभुशीत होते, बी रुजायला जागा मिळते आणि तुटलेले कंद नव्या ठिकाणी पसरतात.

आपल्या परिसरातील संरक्षित कुरणे

काझीरंग्यासारखे अखंड पाणथळ कुरण महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे ते तुकड्यांत आहे: वनांतील मोकळ्या कुरणांत, नदीकाठी, बोड्या व तलावांच्या कडेला आणि धरणांच्या ओसरत्या पाण्यात.

वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा प्रकल्प त्या वेळी देशातील सर्वांत लहान होता. मधोमध बोर धरणाचे पाणी, भोवती साग-ऐनाचे रान आणि त्यात कुरणांचे तुकडे अशी त्याची रचना आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच प्रकल्पात तोतलाडोह जलाशयाचे पाणी हिवाळा-उन्हाळ्यात मागे सरकू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर हिरवे गवत येते. भोवतालचे डोंगर करपलेले असताना चितळांचे मोठे कळप तेथे उतरतात. ताडोबात जामणी, नवेगाव, बोटेझरी या गावांच्या पुनर्वसनानंतर त्यांच्या जुन्या शेतांवर कुरणे विकसित झाली आहेत. चितळ, सांबर, रोही यांना चारा मिळाला की त्यांच्या मागे वाघ येतो. वाघाची संख्या शेवटी गवतावर ठरते, हे सामान्य माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या सीमेपलीकडे, मंडला-बालाघाट भागातील कान्हा येथे आहे. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा जवळजवळ पूर्णतः गवतावर जगतो आणि उंच गवतात पिले लपवतो. १९७० मध्ये कान्हा येथे त्यांची संख्या अवघी ६६ उरली होती. गावांचे पुनर्वसन होऊन कुरणे वाढली, आग नियंत्रित झाली, सुरक्षित कुंपणात पैदास केली गेली. आज ती संख्या हजाराच्या घरात आहे आणि तेथून सातपुडा व बांधवगड येथेही बारशिंगे नेण्यात आले आहेत.

पक्ष्यांची स्थिती मात्र चिंताजनक आहे. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला आकर्षित करणारा तणमोर आता जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' गणला जातो. अकोला-वाशीम भागातील त्याच्या रक्षणासाठी फासेपारधी समाजातील तरुणांनी केलेले काम आदरास पात्र आहे. सारसाची महाराष्ट्रातील शेवटची आशा गोंदिया-भंडाऱ्याकडील धानाच्या बांध्या आणि बोड्या एवढ्यावरच उरली आहे.

ऱ्हासाची कारणे

पहिले कारण आपल्या दृष्टीत आहे. जेथे झाडे नाहीत ती जमीन 'पडीक' असा शिक्का सरकारी नोंदींत फार पूर्वीपासून बसला. स्वातंत्र्यानंतर, आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, त्या प्रांतात कांस उपटण्यासाठी ट्रॅक्टरने खोल नांगरणीची मोठी मोहीम झाली. जागतिक बँकेने भारताला दिलेल्या पहिल्या काही कर्जांपैकी एक, १९४९ मधील, अशा यंत्रसामग्रीसाठीच होते. अन्नटंचाईच्या काळात ते आवश्यकही होते. परंतु 'कांस म्हणजे शत्रू' हा समज त्या गरजेनंतरही टिकून राहिला. पुढे उरलेली कुरणे वृक्षलागवडीखाली, मुरूम-खाणीखाली आणि अतिक्रमणाखाली गेली. कुरणांवर पोसलेली आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय आज दुर्मीळ होत आहे, तेही याच साखळीत येते.

दुसरे कारण आक्रमक वनस्पती. पाण्याकाठी बेशरम, मोकळ्या कुरणात रानतुळस, गाजरगवत आणि तरोटा, कडेने घाणेरी. जनावरे यांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराई जितकी जास्त, तितके चांगले गवत कमी आणि ही झुडपे अधिक. तरोटा म्हणजे आपला चक्रमर्द. कुरणाला तो नको आहे आणि आपल्याला हवा आहे, हा योग विसरू नये.

तिसरे कारण म्हणजे पाण्याचा बदललेला क्रम. ओल्या कुरणाला पाणी येणे आणि जाणे दोन्ही लागते. नाला खोल करून पाणी लवकर वाहून नेले तर कुरण कोरडे पडते. उलट पाणी कायम अडवले तर पाणकणसाचे एकछत्री राज्य होते आणि दर्भ-काश मागे हटतात.

वैद्यांनी काय करावे?

या विषयात आपणही एक पक्ष आहोत. तृणपंचमूलात मूळ वापरले जाते आणि मूळ खणणे म्हणजे झाड संपविणे. म्हणून पुढील गोष्टी वैद्यबंधू-भगिनींच्या विचारार्थ मांडतो.

एक, संरक्षित क्षेत्रातून काहीही आणू नये, आणवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'वन्यजीव' या संज्ञेत अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही येते आणि अभयारण्यातून ती परवान्याशिवाय काढणे गुन्हा आहे. जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना सवलत दिली आहे. ती सवलत अभयारण्याच्या सीमेआत खणण्याची मुभा नव्हे.

दोन, जे द्रव्य शेतात तण म्हणून उपटले जाते ते तेथूनच घ्यावे. अल्लीपूर परिसरातील शेतकऱ्याला कांसाची किंवा लव्हाळ्याची मुळे मागितली तर तो हसून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, पाहिजे तेवढी न्या, वरून चहा पाजतो." एकाचे तण दुसऱ्याचे औषध होते आणि कुरणाला हात लागत नाही. मात्र तणनाशक फवारलेल्या शेतातील मुळे कटाक्षाने टाळावीत.

तीन, काळ पाळावा. श्रावण अमावास्येला, म्हणजे आपल्या पोळ्याच्या दिवशी, दर्भाहरणाची परंपरा आहे. ती धार्मिक कार्यासाठी आहे. औषधी मुळांसाठी चरकांनी (क. १) ग्रीष्म किंवा शिशिर सांगितला. याला वनस्पतीच्या जीवनक्रमाचाही आधार आहे. शिशिरात बी झडून गेलेले असते, पाने वाळताना पोषक अंश मुळांत उतरलेला असतो आणि खणल्याने पुढच्या पिढीचे बी वाया जात नाही. त्यातही संपूर्ण झुबका न खणता एका बाजूचा तिसरा हिस्सा घ्यावा आणि खड्डा बुजवावा.

चार, दर्भ, कुश आणि वाळा यांची लागवड करावी. शेततळ्याचा बांध, विहिरीच्या सांडपाण्याची जागा, महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानातील ओलसर कोपरा एवढी जागा पुरते. वाळा बांधाची माती धरून ठेवतो, म्हणून शेतकरीही तो आनंदाने लावतो. दर्भ मात्र पसरणारा असल्याने तो कडेला चर खणून मर्यादेत ठेवावा.

पाच, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आपल्या ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत परिसरातील कुरणाची नोंद करवून घ्यावी. जैवविविधता व्यवस्थापन समितीत वैद्याचे स्थान स्वाभाविक आहे. एखाद्या गट क्रमांकापुढे केवळ 'पडीक' असे लिहिलेले असते तेव्हा ती जमीन कोणालाही, कशासाठीही देता येते. त्याच जागेपुढे दर्भ, काश, मुस्ता, भृंगराज, जलब्राह्मी, तेथे घरटे करणारे पक्षी आणि चरणारी गुरे यांची यादी लिहिली गेली, तर ग्रामसभेपुढे तिची बाजू मांडायला काही आधार निर्माण होतो. ही यादी लिहिण्यास गावात आपल्याइतका पात्र मनुष्य बहुधा दुसरा नसतो.

सुश्रुतांनी औषधसंग्रहापूर्वी भूमिपरीक्षा सांगितली (सू. ३६). भूमीच राहिली नाही तर परीक्षा कशाची करणार? तृणपंचमूलाचा प्रत्येक योग लिहिताना आपण एका ओल्या कुरणावर भिस्त ठेवत असतो. येत्या शरदात कांस फुललेला असताना प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील एका तरी कुरणाला भेट द्यावी, तेथील द्रव्यांचे नमुने फुलोऱ्यासह दाबून ठेवावेत आणि त्याची यादी संबंधित ग्रामपंचायतीकडे सुपूर्द करावी, अशी विनंती आहे. या कामाला एका रविवारची सकाळ पुरेशी आहे.